निळ्या दोऱ्याचे सतरा कोट

तयार कोटांची दुकानं अजून गल्लोगल्ली झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खाली दुकान, मधल्या मजल्यावर शिलाईची यंत्रं आणि सगळ्यांत वर हातकामाची खोली. अठ्ठावीस पायऱ्यांचा लाकडी जिना चढून वर आलं की आधी वास यायचा तो नव्या लोकरी कापडाचा आणि इस्त्रीच्या वाफेचा. मग डाव्या हाताला मास्तरांचं कापणीचं लांबरुंद टेबल दिसायचं, आणि पलीकडे खिडक्यांच्या रांगेला लागून पाच खुर्च्या.

खिडकीतली पहिली खुर्ची मावशीची. सत्तावीस वर्षं त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं नव्हतं. तिथे उजेड सगळ्यांत चांगला, आणि मावशीची काजं सगळ्यांत चांगली. त्या काळी चांगल्या कोटाचं काज हातानंच करत. कापडाला चीर द्यायची आणि तिच्या कडेनं जाड रेशमी धाग्याचा एकेक टाका, एकेक गाठ, मुंग्यांच्या रांगेसारखी बसवत जायची. मावशीचं काज बघून एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, "याला बटण लावायचं जिवावर येतं हो."

दुसऱ्या खुर्चीत सुतळी. ती आली तेव्हा अंगानं इतकी किरकोळ होती, की मावशीनं चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, "मास्तर, बाई मागितली होती, सुतळी कशाला आणलीत?" नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिच्या नवऱ्यानंही तेच उचललं. पण सुतळीला काजाचा पहिला टाका घालायला शिकवलं तेही मावशीनंच, आणि पहिल्या महिन्यातली तिची वेडीवाकडी काजं गुपचूप उसवून पुन्हा घातली तीही तिनंच. हे सुतळीला कळलं चार वर्षांनी, बोलण्याच्या ओघात. तोवर ती समजत होती, की आपला हात जात्याच बरा.

उरलेल्या तीन खुर्च्यांत वहिनी, आणि एकाच घरातल्या नणंद-भावजया. नणंद दोघींचं बोलायची आणि भावजय दोघींचं गप्प बसायची.

या खोलीची एक रीत होती. अस्तर, तुरपाई, काजं असं कोटाचं सगळं हातकाम एकेकीनं पुरं करायचं आणि कॉलरच्या खाली आपल्या रंगाच्या दोऱ्याची एक गाठ मारून कोट भिंतीजवळच्या दांडीवर टांगायचा. सुतळीचा दोरा पिवळा, वहिनींचा लाल, नणंदेचा हिरवा, भावजयीचा पांढरा, मावशीचा निळा. शनिवारी दुपारी मास्तर कॉलरी उलटून कुणाचे किती ते बघत आणि चारला मालक वर येत, तेव्हा दोरे दाखवून मग कात्रीनं कापून टाकत. आठवडाभर दुसरीच्या कॉलरखाली डोकावायचं नाही, हा अलिखित नियम. भरल्या घरात दुसऱ्याचं पत्र फोडू नये, तसं.

मालकांचा नियम मात्र लिखित होता, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. लागोपाठ दोन शनिवार एखाद्या रंगाचा दोरा दिसला नाही, तर सोमवारी त्या खुर्चीत दुसरी बाई. आजारी असाल तर काम घरी न्या, पण दोरा दिसला पाहिजे.

आणि एका रविवारी मावशी स्वतःच्या घराच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली.

सुतळी त्याच घराच्या खालच्या खोलीत राहायची. दवाखान्यातून परत आणून तिनं मावशीला पलंगावर बसवलं, पाठीला उशी दिली. मावशीचा हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या प्लॅस्टरमध्ये.

"किती दिवस म्हणाले?"

"सहा आठवडे," सुतळी म्हणाली.

मावशीनं बोटावर मोजलं नाही. तिला कळायचं ते कळलं. घरात ती एकटी. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, लेक लांब.

"सुतळे, हात बरा होईल गं. पण सहा आठवड्यांनी जायचं कुठे? मला इथे बसून भिंती मोजायला लावू नकोस. मला माझी खुर्ची पाहिजे."

"मी बघते."

"काय बघतेस?"

"ते माझं मी बघते. तुम्ही फक्त कुणाला सांगू नका हात मोडलाय म्हणून."

"मी कशाला सांगू?" मावशी म्हणाली. "मेलं ते मनगट. कौतुकानं सांगण्यासारखं आहे थोडंच?"

सोमवारी सुतळीनं मास्तरांना सांगितलं, की मावशीचा पाय मुरगळलाय, जिना चढवत नाही. काम घरी करतील, कोट मी नेईन-आणेन. मास्तर हे गळ्यात टेप अडकवलेले, कमी बोलणारे गृहस्थ. कापताना तोंडात टाचण्या धरायची सवय असल्यामुळे त्यांना कमी बोलणं सोयीचंही पडायचं. त्यांनी टाचण्या काढल्या.

"पाय?"

"पाय."

"कुठला?"

सुतळीनं याचा विचारच केला नव्हता. "उजवा," ती म्हणाली, कारण मनात उजवंच काहीतरी होतं.

"बरं," म्हणून मास्तरांनी टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या.

बाकीच्या तिघींनाही तिनं पायच सांगितला. वहिनींनी "अरेरे" केलं. नणंदेला खरं सांगायचं म्हणजे गावभर करायचं. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. तेव्हा हे गुपित आपल्या एकटीचं, असं सुतळीनं ठरवून टाकलं.

मावशी आठवड्याला सहा कोट करायची. बाकीच्या आठ-आठ. आपले आठ सांभाळून वर सहा करणं सुतळीच्या बापजन्मी जमलं नसतं. पहाटे उठून, डब्याच्या सुट्टीत एका हातानं घास आणि एका हातानं सुई करत, तिनं चार उरकले. मावशीच्या खणातलं निळं रीळ काढून चार गाठी मारल्या.

शनिवारी मास्तरांनी कॉलरी उलटल्या. "निळे चारच?"

"पाय दुखतो ना त्यांचा."

"पायानं शिवतात का त्या?"

"दुखत असलं की लक्ष लागत नाही माणसाचं," सुतळी म्हणाली. मालकांनी चार दोरे पाहिले आणि काही न बोलता खाली गेले. पहिला शनिवार निभावला.

दुसऱ्या आठवड्यात सुतळी इतकी दमून गेली, की तिला आजूबाजूचं फारसं दिसत नव्हतं. नाहीतर बरंच दिसलं असतं. डब्याच्या सुट्टीत खोली गप्प होती. नणंद, जी एरवी घास गिळायच्या आत दुसऱ्या वाड्यातली बातमी पुरी करायची, ती मान खाली घालून शिवत होती. वहिनी सकाळी सुतळीच्याही आधी येऊन बसलेल्या असत आणि विचारलं की म्हणत, "घरी पाहुणे आलेत, कंटाळा येतो." निळं रीळ दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. सुतळीला वाटलं, आपण घाईघाईत दोरा लांब तोडतोय.

शनिवार उजाडला. दुपारी मास्तर दांडीजवळ गेले, कॉलरी उलटू लागले, आणि मध्येच थांबले. मग त्यांनी एकेक कोट उचलून कापणीच्या टेबलावर आडवा टाकायला सुरुवात केली. टाकतच राहिले. टेबल भरलं, तेव्हा कोटांवर कोट ठेवले.

"इकडे या सगळ्याजणी," ते म्हणाले.

चौघी उठल्या.

"मावशी या खोलीत सत्तावीस वर्षं आहेत. दोन्ही हात, दोन्ही पाय धड असताना आठवड्याला सहा कोट करायच्या." त्यांनी टेबलावरून हात फिरवला. "हे निळ्या दोऱ्याचे आहेत. सतरा."

नणंदेनं हातातली सुई पदराला टोचून ठेवली.

"मला आधी माहीत असतं, तर तुम्हा सगळ्यांना एकेकदा पायरीवरून ढकललं असतं."

सुतळी एक पाऊल पुढे आली. "मी चारच केले," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण काय कबूल केलं.

"अगंबाई, तू पण?" वहिनी उद्गारल्या.

"तू पण म्हणजे? तुम्ही?"

"चार. मी सोमवारी बघायला गेले होते डबा घेऊन. प्लॅस्टर दिसलंच की. मावशी म्हणाल्या, फक्त तुलाच सांगते हो, बाहेर फुटता कामा नये."

"मलापण हेच म्हणाल्या!" नणंद जवळजवळ ओरडली. "फक्त तुलाच! पाच दिवस मी तोंडाला कुलूप लावलंय, माझं पोट फुगलंय! चार मीही केले." आणि ती भावजयीकडे वळली. "तू कशाला हसतेस?"

भावजयीनं चार बोटं वर केली.

"एका घरात राहून? एका दिव्याखाली?"

"तुम्ही स्वयंपाकघरात शिवत होतात," भावजय म्हणाली. "मी न्हाणीघरात."

वहिनींना आधी हसू फुटलं. मग सगळ्यांनाच. पण मास्तर हसले नाहीत, त्यांनी घड्याळाकडे बघितलं, आणि त्यांच्या मागोमाग सुतळीनंही. मालक चारला येणार होते. चार निळे दोरे बघून ते गप्प बसले होते. सतरा बघून बसले नसते. सतरा म्हणजे उघड उघड लबाडी. मावशीची खुर्ची तर जातीच, वर आपल्याही धोक्यात. चौघींनी मिळून इतकं भलं केलं होतं, की त्यात मावशी बुडायची वेळ आली होती.

"पाऊण तास आहे," मास्तर म्हणाले. "सहा निळे ठेवा. बाकीच्यांचे निळे दोरे कापा आणि जिनं तिनं आपापले दोरे बांधा. ओळखता येतील ना आपली काजं?"

हे विचारायची गरज नव्हती. एकाच शाळेत शिकलेल्या चार बहिणींचं अक्षर जसं वेगळं, तशी काजं. वहिनींची गाठ घट्ट, नणंदेची ऐसपैस, भावजयीची बारीक. आणि सुतळीची दिसायला अगदी मावशीच्या वळणाची, पण शेवटच्या वळणावर घाई झालेली. कोट वेगळे व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. खरा वाद पुढेच झाला. सहांत कुणाचे ठेवायचे?

"माझे चारही ठेवा, मी पहिली गेले होते बघायला."

"पहिली म्हणे! मी तर घरातच होते."

"मावशीच्या दोऱ्याखाली तुमचं ते ढगळ काज जाणार का? नाव घालवाल तिचं."

"माझं ढगळ? आणि तुमचं काय, बटणाचा गळा आवळेल असं!"

शेवटी प्रत्येकीचा एकेक ठेवला, सुतळीचे दोन. पाच झाले. बाकीचे अकरा कोट आपापल्या दोऱ्याला परत गेले. आणि टेबलावर एक कोट उरला. तो कुणीच उचलला नाही.

सुतळीनं तो खिडकीपाशी नेला. काजं नीट होती, सावकाश केलेली. पण त्यात काहीतरी तिच्या डोळ्याला खुपत होतं. तिनं बोट फिरवून पाहिलं. सगळ्यांचं काज खालच्या कडेपासून सुरू होऊन वरच्या कडेवर संपायचं. हे वरून सुरू होऊन खाली संपलं होतं. टाके उलट्या अंगानं झुकलेले. जणू एखादं काज आरशात बघावं.

तिनं कोट भावजयीपुढे धरला. बोलली ती भावजय, जी एका दिवसात इतकं आजवर कधी बोलली नव्हती.

"मास्तर, हा कोट डाव्या हाताचा आहे."

मास्तरांच्या कात्रीला त्या खोलीत दुसरं कुणी हात लावत नसे. मुद्दाम बनवून घेतलेली ती डाव्या हाताची कात्री. उजव्या हातात धरली तर कागदही धड कापायची नाही. चौघींनी त्या कात्रीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"हा सहावा," मास्तर म्हणाले. "निळाच राहू द्या." आणि माझी टेप कुठे गेली म्हणत ते गळ्यात टेप असताना टेप शोधायला निघून गेले.

चारला मालक आले. सहा निळे दोरे त्यांनी पाहिले. "पाय सुधारला वाटतं." मग एका काजावर थांबले. "हे जरा वेगळं दिसतंय."

"वय झालं," मास्तर डोळ्यांची पापणी न हलवता म्हणाले.

संध्याकाळी सुतळी तडक मावशीच्या खोलीत गेली. "फक्त तुलाच सांगते! किती जणींना फक्त?"

"येतील त्यांना," मावशी शांतपणे म्हणाली. "माणूस डबा घेऊन येतं, प्लॅस्टर बघतं, त्याला काय भिंतीकडे तोंड करायला सांगू? बाकी तू माझा पाय मुरगळवलास, ते मला ठाऊकच नव्हतं. मास्तर रविवारीच येऊन गेला होता. दवाखान्यातला तो पट्ट्या बांधणारा त्याचा मेहुणा. सोमवारी परत आला आणि म्हणाला, तुमच्या सुतळीला खोटं बोलायला पण शिकवायचं राहिलं."

सुतळी कपाळावर हात मारून बसली. मग तिनं सतरा कोटांची गोष्ट सांगितली. मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नंतरही ते पाणी थोडा वेळ येत राहिलं, तेव्हा सुतळी उठून चहाचं बघायला गेली.

पुढचे चार आठवडे सगळं रीतसर झालं. खणात चिठ्ठी ठेवली, कुणी कधी करायचे ते लिहून. आठवड्याला सहा, एकही जास्त नाही. नणंद म्हणाली, इतकी शिस्त तर आमच्या घरात लग्नालाही नव्हती.

मग प्लॅस्टर निघालं, आणि आतून निघालेला हात मावशीच्या ओळखीचा नव्हता. मनगट वळत नव्हतं. अंगठा आणि पहिलं बोट जवळ यायचं, पण सुई धरली की ती निसटायची. डॉक्टर म्हणाले, थोडं सुधारेल. पूर्वीसारखं नाही. मावशीनं पंधरा दिवस कापडाच्या तुकड्यावर झटापट केली. सोळाव्या दिवशी तिनं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान काढून सुतळीच्या हातात ठेवलं.

"ठेव तुला. खुर्ची सोडते म्हणून सांग मास्तरला."

"असं कसं? आम्ही आहोत की. सहा कोट काय, कसेही होतात."

"इतके दिवस केलंत, ते मी घेतलं. लाजले नाही. अडल्या वेळी घ्यावं माणसानं." मावशीचा आवाज चढला नव्हता. "पण आयुष्यभर तुमच्या काजांवर माझी गाठ? मग ती खुर्ची माझी नाही गं. मी नुसती तिथे ठेवलेली."

सुतळी अंगुस्तान मुठीत धरून जिना उतरली, आणि निम्म्या जिन्यात तिला ते आरशातलं काज आठवलं.

रविवारी मास्तर आले, कापडाचे तुकडे आणि सुया घेऊन. मावशी त्यांच्यापेक्षा मोठी. मालकांसमोर ती त्यांना अहो-जाहो करी, घरात नाही.

"बस रे. ऐकलं मी, माझ्या दोऱ्याखाली उलटी काजं घुसवतोस म्हणून."

"शिकवलं तुम्हीच," मास्तर म्हणाले. मग सुतळीकडे वळून, "मी नवा होतो तेव्हा सगळे म्हणाले, डावखुऱ्याला काज यायचं नाही, कापणीवर टाका. यांनी मला समोर बसवलं. शेजारी नाही, समोर. म्हणाल्या, मी आरसा आहे असं समज आणि कर. तीन महिने लागले."

"चार," मावशी म्हणाली. "मठ्ठ होतास."

"चार." त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि मावशीच्या डाव्या अंगाला, अगदी जवळ ठेवली. "आता समोर नको. आता शेजारी. उजव्या हातानं नुसतं कापड धरा, तेवढं जमेल. सुई डावीकडे."

मावशीनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. आजवर त्यानं नुसतं कापड धरलं होतं. तिनं सुई घेतली. पहिला टाका कुठल्या कुठे पडला. दुसरा पहिल्यावर चढला.

"छे," ती म्हणाली.

"उसवा," मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांनी हा शब्द तिला ऐकवताना त्यांना किती बरं वाटलं असेल, ते त्यांच्या मिशीवरून दिसत होतं.

चार महिने लागले नाहीत, अडीच लागले. तोवर चिठ्ठी चालू राहिली, आणि ती तिनं चालू राहू दिली, कारण आता तिला शेवट दिसत होता. मग एका सोमवारी ती अठ्ठावीस पायऱ्या चढून आली, खिडकीतली खुर्ची रुमालानं पुसली आणि बसली. पहिल्याच दिवशी तिनं सुतळीचं एक काज हातात घेऊन बघितलं, शेवटच्या वळणावर नख ठेवलं आणि कोट परत दिला. सुतळी मुकाट्यानं उसवायला बसली.

त्या आठवड्यात मावशीचे कोट झाले तीन. तिन्ही तिचे. मास्तरांनी विचारलं, "बाकीचे तीन चिठ्ठीवर घेऊ?" तिनं मान हलवली. तीन तर तीन.

शनिवारी मालक आले. दोरे पाहिले. निळे तीन पाहून त्यांची भुवई जरा वर गेली. मग त्यांनी एक काज उजेडाकडे धरलं, अंगठ्यानं चाचपलं.

"हे पण मागच्या त्या काजासारखंच वेगळं आहे. पण काम नामी आहे. उलट कसं काय हे?"

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "वय झालं, मालक."

खिडकीतून मावशीनं मान वर न करता विचारलं, "कुणाचं?"

चौघींनी माना खाली घातल्या आणि भराभरा टाके घालायला लागल्या. सुतळीचे त्या दिवशीचे सगळे टाके वाकडे पडले, आणि सोमवारी तिला ते उसवावे लागले.